सायकॉलॉजी तर घेतली, पण पुढे नेमकं कशात जायचं? नागपूरच्या पोरापोरींसाठी

बीएला सायकॉलॉजी घेतली असं सांगितलं की आपल्या नागपुरात पहिला प्रश्न ठरलेला, म्हणजे आता तू पागलखाना चौकात नोकरी करून राहणार का? माझ्या मावशीने हेच विचारलं होतं, वर आईला म्हणाली, "पोरीले दुसरं काही भेटलं नाही का?" तेव्हा राग आला होता, पण खरं सांगायचं तर सायकॉलॉजीत किती वाटा आहेत हे मलाही कुठे माहीत होतं. आता शाळेत समुपदेशक म्हणून काम करते आणि दर उन्हाळ्यात कोणाची तरी मुलगी, कोणाचा तरी भाचा फोन करून विचारतो की ताई क्लिनिकल घेऊ की काउन्सेलिंग. म्हणून एकदाचं सगळं लिहून काढते आहे.

आधी एक घोळ मिटवू. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे सायकियाट्रिस्ट, तो आधी एमबीबीएस करतो, मग सायकियाट्रीत पुढचं शिक्षण घेतो आणि औषधं लिहितो. सायकॉलॉजीतून गेलेला माणूस औषध देत नाही, तो चाचण्या करतो, थेरपी देतो, रिपोर्ट लिहितो. नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात (१८६४ पासून आहे ते, राज्यातल्या चार सरकारी मनोरुग्णालयांपैकी एक, बाकीची ठाणे, येरवडा आणि रत्नागिरीला) दोन्ही प्रकारची माणसं लागतात, शिवाय सायकियाट्रिक सोशल वर्कर लागतो, जो एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्यातल्या मास्टर्सच्या वाटेने येतो. म्हणजे एकाच इमारतीत जायचे तीन वेगवेगळे रस्ते आहेत. बारावीतच हे कळलं तर बरं, कारण बायोलॉजी सोडल्यावर त्यातला एक रस्ता बंद होतो.

आता मुख्य गोष्ट. शाखा निवडताना नावावरून निवडू नका, त्या माणसाचा मंगळवार कसा जातो ते बघून निवडा. मंगळवार म्हणजे साधा कामाचा दिवस. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा तो काय करतो, कोणाशी बोलतो, किती वेळ लिहीत बसतो, घरी जाताना डोक्यात काय घेऊन जातो. एक वही करा, प्रत्येक शाखेला दोन पानं ठेवा आणि त्यात फक्त हेच लिहायचं. पगार, स्कोप वगैरे नंतर.

माझं कसं झालं ते सांगते. एमएच्या दुसऱ्या वर्षी धंतोलीत एका मॅडमकडे बघायला बसायची परवानगी मिळाली, त्या लहान मुलांच्या असेसमेंट करायच्या, म्हणजे चाचण्या घेऊन मूल कुठवर आलंय ते बघायच्या. सहा वर्षांचा मुलगा, आई समोर बसलेली. मॅडम विचारत होत्या, स्वतः जेवतो का, शर्टाची बटणं स्वतः लावतो का. आई म्हणाली, "नाही, मीच लावून देते, व्हॅन येऊन उभी राहते ना." मॅडम थांबल्या आणि त्यांनी फक्त एवढंच विचारलं की रविवारी कोण लावतं. आई जरा वेळ गप्प बसली, मग म्हणाली की रविवारी आम्ही त्याला टीशर्टच घालतो. त्या एका उत्तराने मला कळलं की चाचणी म्हणजे नुसते मार्क देणं नाही, मुलाला येत नाही की त्याला करू दिलेलं नाही हे शोधणं आहे. त्या रात्री मी वहीत ती दोन वाक्यं लिहिली आणि खाली लिहिलं, हे मला रोज करायला आवडेल. क्लिनिकलचं भूत तिथे उतरलं, मुलांचं काम पक्कं झालं.

आणि ज्या चाचण्या आपण भारतभर वापरतो त्यातल्या दोन इथे नागपुरात घडल्या आहेत, हे आपल्याच लोकांना माहीत नसतं. ए. जे. मालिन यांनी नागपूरच्या चाइल्ड गायडन्स सेंटरमध्ये काम करताना वेक्सलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या, मुलांसाठीच्या बुद्धिमापन चाचणीचं भारतीय रूप केलं, त्यालाच एमआयएसआयसी म्हणतात, १९६९ चं आहे. व्हाइनलँड सोशल मॅच्युरिटी स्केलचंही त्यांनी रूपांतर केलं, बटणं लावतो का, स्वतः जेवतो का असली विचारपूस त्यातलीच, आणि त्याला आजही लोक नागपूर अ‍ॅडॅप्टेशन म्हणतात. असेसमेंट आवडत असेल तर हा वारसा आपला आहे, बिनधास्त सांगा.

बाकीच्या शाखांकडे वळू. क्लिनिकलमध्ये स्किझोफ्रेनिया, ओसीडी (तेच विचार, तीच कृती परत परत), व्यसन, तीव्र डिप्रेशन असं काम येतं, हॉस्पिटलचं वातावरण असतं, पेशंटचे नातेवाईक थकलेले असतात आणि रिपोर्ट खूप लिहावे लागतात. मेडिकलसारख्या (आपलं सरकारी मेडिकल कॉलेज) मोठ्या हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीबाहेर सकाळी अर्धा तास नुसतं बसून बघा, किती गर्दी, किती वेळ मिळतो एकेकाला, मग ठरवा. काउन्सेलिंगमध्ये परीक्षेचं टेन्शन, नाती, नोकरी, दुःख असे रोजच्या जगण्यातले प्रश्न जास्त. ऐकायची ताकद लागते, आणि सल्ला देण्याची सवय असेल तर ती आधी सोडावी लागते, आपल्याकडे तर प्रत्येकाला सल्ला द्यायचा असतोच.

ज्याला गावात जाऊन काम करायचं आहे त्याच्यासाठी विदर्भाइतकी निकड क्वचितच कुठे असेल. यवतमाळ, वर्ध्याकडे शेतकरी आत्महत्या रोखण्यासाठी शासनाचा प्रेरणा प्रकल्प आहे, शिवाय जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली टीम असते. इथे एसीतली थेरपी नाही, आशाताईंसोबत घरोघर जाणं आहे, वऱ्हाडी समजायला आणि बोलायला पाहिजे. ज्यांना हे येतं त्यांनी लाजू नये, पुण्यामुंबईच्या डिग्रीत हे शिकवत नाहीत.

फॉरेन्सिकची क्रेझ सध्या फार आहे, सिरीयल किलर बघून बघून. प्रत्यक्षात लॅबमधलं काम पॉलिग्राफ, म्हणजे खोटं पकडायचं मशीन, वगैरेचं असतं आणि त्यालाही मर्यादा आहेत, सुप्रीम कोर्टाने २०१० च्या सेल्वी प्रकरणात सांगितलंय की माणसाच्या संमतीशिवाय नार्को, पॉलिग्राफ करता येणार नाही. जेलमधले कैदी, फॅमिली कोर्टातली मुलं, हेही फॉरेन्सिकच, आणि मला वाटतं खरी गरज तिथेच जास्त आहे. फॉरेन्सिकच्या खास शिक्षणासाठी गांधीनगरची नॅशनल फॉरेन्सिक सायन्सेस युनिव्हर्सिटी बघा.

स्पोर्ट्स सायकॉलॉजीबद्दल आता घरी बोलणं सोपं झालंय. २०२५ च्या जुलैत आपल्या नागपूरची दिव्या देशमुख बाटुमीला कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये हरवून बुद्धिबळाचा महिला वर्ल्ड कप जिंकली, वय १९. टायब्रेकमध्ये घड्याळ पळत असताना डोकं शांत कसं ठेवायचं हाच तर या शाखेचा विषय. नोकऱ्या मात्र कमी, आधी काउन्सेलिंगचा पाया पक्का करून मग यात जाणं शहाणपणाचं.

इंडस्ट्रियल ज्यांना माणसांपेक्षा माणसांच्या टीममध्ये रस आहे त्यांच्यासाठी, बुटीबोरी, मिहानसारखे कंपन्यांचे भाग जवळच आहेत, काम बरंचसं एचआरसारखं. आकडे आवडत असतील तर रिसर्च. एसएसबीत (सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्ड) सैन्याच्या अधिकारी निवडीलाही सायकॉलॉजिस्ट असतो हे फार कमी पोरांना माहीत असतं.

आता कागदपत्रांचं, इथे नीट वाचा. नावापुढे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट लावायचं असेल तर आरसीआयचं, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचं रजिस्ट्रेशन लागतं. नुसतं एमए सायकॉलॉजी करून ते मिळत नाही, आरसीआयने मान्य केलेला कोर्सच लागतो. आधी त्यासाठी दोन वर्षांचं एमफिल असायचं, यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, एमफिल बंद केलं, क्लिनिकलसाठी २०२५-२६ पर्यंतच्या प्रवेशांना मुभा दिली, आणि आता आरसीआयचे नवे कोर्स आलेत, त्यात एमए क्लिनिकल सायकॉलॉजी आणि साय.डी. (सायकॉलॉजीतली डॉक्टरेट) ही नावं दिसतील. दुसरं, २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून यूजीसीने सायकॉलॉजीचे डिस्टन्स आणि ऑनलाईन प्रवेश थांबवायला सांगितलेत, त्यामुळे कोणी घरबसल्या एमए करून देतो म्हणाला तर पैसे भरायच्या आधी दहा वेळा विचारा.

मी यात पोळले आहे. एमए झाल्यावर एका संस्थेत सहा महिन्यांचा थेरपीचा सर्टिफिकेट कोर्स केला, फी आईच्या एफडीतून भरली, सर सांगायचे की याच्यावर प्रॅक्टिस सुरू करता येते. नंतर एका हॉस्पिटलमध्ये इंटरव्ह्यूला गेले तर समोरच्यांनी सर्टिफिकेट उलटून पाहिलं आणि विचारलं, आरसीआय नंबर कुठे आहे. बाहेर येऊन मी सीताबर्डीपर्यंत पायी चालत आले, ऑटोसुद्धा केला नाही. म्हणून सांगते, कॉलेजचं नाव आरसीआयच्या साईटवर त्याच कोर्ससाठी, त्याच वर्षासाठी आहे का हे स्वतः उघडून बघायचं, ब्रोशरमधल्या लोगोवर जायचं नाही.

शेवटी, मंगळवार बघायला मिळणार कसा. सेशनमध्ये कोणी बसू देणार नाही आणि ते बरोबरच आहे, पेशंटची गोष्ट त्याची असते. मॅडमनीही त्या आईला आधी विचारलं होतं, मगच मला कोपऱ्यात खुर्ची दिली. म्हणून मागायचं ते शक्य असेल तेच मागा. १० ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिन असतो, त्या आठवड्यात शिबिरं होतात, तिथे खुर्च्या लावायला जा, सगळ्यांशी ओळख होते. आणि मेसेज असा लिहा, "नमस्कार मॅडम, मी बीए तिसऱ्या वर्षाला आहे, तुमच्या कामाचा दिवस कसा असतो हे समजून घ्यायला वीस मिनिटं मिळतील का? पेशंटबद्दल काही विचारणार नाही." गुड मॉर्निंगचं फूल पाठवू नका. आठ दिवस उत्तर आलं नाही तर दुपारी दोन ते चारच्या मधे फोन करा, तेव्हा बहुतेकांची सकाळची ओपीडी आटपलेली असते, आणि वही सोबत घेऊन बसा.