शाळा सुरू व्हायच्या आधी पोरांची झोप रुळावर कशी आणायची

आपल्या विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटी सुरू होतात, म्हणजे मे आणि जवळपास अख्खा जून पोट्टे रात्री बारा-साडेबारापर्यंत जागतात, सकाळी दहाला उठतात आणि मग शाळेच्या आदल्या रात्री घरोघरी एकच ओरड, "झोप न बापा आता, उद्या शाळा आहे!" अशी कुठे झोप येते का?

माझी मोठी मागच्या वर्षी पाचवीत गेली. चौथीपर्यंत बरं होतं, २०२४ मध्ये सरकारनेच सांगितलं की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नका, धाकट्याचं अजून तसंच चालू आहे. पण पाचवीला ते लागू नाही, त्यामुळे हिची शाळा एकदम ७ वर आली आणि व्हॅन ६:३५ ला कोपऱ्यावर. पहिल्याच आठवड्यात एकदा बाथरूममधून आवाजच येईना म्हणून बघायला गेले तर ही बाई तोंडात ब्रश, कपाळ टाइल्सला टेकवलेलं, उभ्या उभ्या झोपलेली, नळ सुरू आणि पेस्टचा फेस हनुवटीवरून शर्टावर. आधी हसू आलं, मग वाईट वाटलं. तेव्हापासून जे जे करून पाहिलं त्यातलं जमलेलं सांगते.

सगळ्यात मोठी चूक आपण काय करतो, तर रात्रीच्या मागे लागतो. पोराला जबरदस्तीने झोपवणं कोणाच्याच हातात नाही हो, पण उठवणं आहे. म्हणून आधी उठायची वेळ पकडायची, रात्र आपोआप मागे मागे येते. आमच्याकडे दहाची सवय सहावर आणायची होती, म्हणजे चार तास. रोज १५ मिनिटं लवकर उठवायचं, चार तासांना १६ दिवस लागतात, म्हणून १० जूनच्या आसपास सुरुवात. उठल्याबरोबर गच्चीवर किंवा अंगणात १५-२० मिनिटं, झाडांना पाणी घाल, काहीही कर, फक्त उजेडात राहा. शरीराचं घड्याळ सकाळच्या उजेडावर लागतं, तिथे लवकर लागलं की रात्री झोपही लवकर येते. पहिले तीन-चार दिवस घरात भांडणं होतील, होऊ द्या. दुपारी मात्र तीन तास ताणून द्यायची नाही, फारच पेंगलं तर अर्धा तास, तोही चारच्या आत. आणि रविवारी तासाभरापेक्षा जास्त सूट नाही, नाहीतर सोमवारी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

झोप किती लागते? अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१६ मध्ये दिलेला हिशोब असा: ३ ते ५ वर्षांना दुपारची धरून १० ते १३ तास, ६ ते १२ ला ९ ते १२ आणि १३ ते १८ ला ८ ते १०. आता सहाला उठायचं तर नऊला डोळे मिटलेले पाहिजेत, आणि नऊला तर आपल्याकडे पोळ्या सुरू असतात. म्हणून मी पोरांचं जेवण वेगळं केलं, साडेसातला वरणभात-भाजी उरकून टाकते, बाबा आले की त्यांच्यासोबत नुसतं बसायचं. सासूबाईंना आधी पटलं नाही, आता त्याच साडेसातला ताटं मांडतात. सकाळची कामंही रात्रीकडे ढकलली, आंघोळ, दप्तर, युनिफॉर्म, वेणीसुद्धा रात्रीच घट्ट घालून ठेवते, सकाळी नुसता हात फिरवायचा. सकाळची सरळ २० मिनिटं झोप वाचते.

आता नागपूरचा खास प्रॉब्लेम. इथे सूर्य मुंबईपेक्षा साधारण २५ मिनिटं आधी उगवतो, मे महिन्यात साडेपाचलाच खोलीत उजेड. ज्यांना नऊपर्यंत झोपू द्यायचं त्यांना जाड पडदा लागतोच, आणि ज्यांना उठवायचंय त्यांनी तो पडदा रात्रीच उघडा ठेवायचा, अर्धं काम सूर्य करतो. जानेवारीत उलटं, पावणेसातपर्यंत अंधारच, तेव्हा उठवताना ट्यूबलाइट लावावीच लागते.

आणि गरमी. झोप लागायला शरीराचं तापमान थोडं उतरावं लागतं, आणि मे महिन्यात रात्री अकरालाही भिंती तापलेल्या असतात, मग पोरगं तळमळतं आणि आपण म्हणतो नखरे करते. कूलर असेल तर झोपायच्या तासभर आधी लावा, समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवा, नाहीतर दमट हवा आतल्या आत फिरते अन अंग चिकट होतं. झोपायच्या आधी साध्या पाण्याने आंघोळ. पावसाळा लागला की कूलरचा पंप बंद करून नुसता पंखा चालवा, आणि टाकीतलं पाणी आठवड्याला रिकामं करून टाकी घासायची, डेंग्यूचे डास त्यातच होतात. मच्छरदाणी लावाच, रात्रभर खाजवणारं पोरगं काय झोपणार.

मोबाईलचं मी जास्त बोलत नाही, सगळ्यांना माहीत आहे. फक्त एवढंच की पोराचा काढून घेऊन आपण बाजूला रील्स बघत बसलो तर उपयोग शून्य. आमच्याकडे साडेआठला सगळ्यांचे फोन फ्रिजवर, माझ्या नवऱ्याचापण, आयपीएल असली तरी (इथे माझं दोनदा भांडण झालंय). अलार्मसाठी फोन लागतो म्हणता? बर्डीवरून (सीताबर्डीच्या बाजारातून) घंटीचं घड्याळ घेऊन या. संध्याकाळी पाचनंतर चहाही बंद, पाहुणे आले की "घे थोडा, दुधाचाच आहे" म्हणून कपभर जातो आणि त्यातलं कॅफिन पाच-सहा तासांनीही बऱ्यापैकी अंगात असतं.

झोप कमी पडते हे ओळखायचं कसं, तर मोठ्या माणसासारखं पोरगं जांभया देत बसत नाही, उलट जास्त उड्या मारतं, चिडतं, बारक्या गोष्टीवरून रडतं, वर्गात लक्ष लागत नाही आणि मॅडम म्हणतात मस्तीखोर आहे. कमी झोपणाऱ्या पोरांचं वजनही वाढायची शक्यता जास्त. वाढीचं हार्मोन गाढ झोपेत जास्त सुटतं आणि गाढ झोप रात्रीच्या पहिल्या भागात जास्त. आठवी-नववीच्या पोरांची गोष्ट मात्र वेगळी, त्या वयात शरीराचं घड्याळच दीड-दोन तास पुढे सरकतं, तो साडेदहाला झोप येत नाही म्हणतो तर खोटं नाही बोलत, त्याला आळशी म्हणू नका. त्याच्यासाठी ट्यूशन रात्री साडेआठपर्यंत असेल तर बॅच बदलता येते का ते बघा.

मेलाटोनिनच्या (झोपेच्या हार्मोनच्या) गोळ्या, चघळायच्या गमी वगैरे डॉक्टरांना न विचारता देऊ नका. रात्री झोपल्यावर तास-दोन तासांत किंचाळून उठतं, डोळे उघडे पण ओळखत नाही असं झालं तर हलवून जागं करू नका, शेजारी बसा, सकाळी त्याला आठवतही नाही. पाय सारखे हलवतं, दुखतात म्हणतं, तर लोह कमी असू शकतं, रक्त तपासून घ्या. आणि आठवड्यात तीन-चार रात्री घोरतं, तोंड उघडं ठेवून झोपतं, मध्येच श्वास अडकल्यासारखं होतं, तर "आबाजीवर गेलाय" म्हणून हसण्यावारी नेऊ नका, टॉन्सिल नाहीतर नाकामागची अ‍ॅडेनॉइड वाढलेली असू शकतात, कानानाकघशाच्या डॉक्टरांकडे जा. जाताना दोन-तीन रात्रींचा घोरतानाचा व्हिडिओ काढून न्या, कारण दिवसा तिथे पोरगं एकदम शहाण्यासारखं खुर्चीत बसून राहतं आणि डॉक्टरांना काही ऐकूच येत नाही.