पावसाळ्यात ड्रिलची बॅटरी अशी ठेवा

गोव्यात पाऊस लागला की कॉर्डलेस ड्रिल पडून राहतं आणि दमट, खारट हवेने बॅटरीच्या धातूच्या पट्ट्या गंजतात. जूनआधी एवढं कराच.

१. बॅटरी ड्रिलमधून काढा, पट्ट्या कोरड्या फडक्याने पुसा.
२. लिथियम-आयन बॅटरी निम्मी चार्ज करून ठेवा. पूर्ण भरलेली किंवा रिकामी ठेवली तर आयुष्य घटतं.
३. घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. स्क्रू-खिळ्यांच्या डब्यात मुळीच नको. दोन पट्ट्यांना एकच खिळा टेकला तरी शॉर्ट सर्किट होऊन आग लागू शकते.

चतुर्थीला माटोळीसाठी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट) ड्रिल काढाल, तेव्हा आधी बॅटरी नीट बघा. फुगलेली असेल तर चार्जरला लावू नका, घरच्या कचऱ्यातही टाकू नका; ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.