पार्टीला जावे, पण पिऊ नये: महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी काही सूचना

पुण्या-मुंबईत शिकायला आलेल्या विद्यार्थ्याच्या कानावर ‘आज बसायचं का?’ हा प्रश्न बहुधा पहिल्याच सत्रात पडतो. फ्रेशर्स पार्टी, कोणाचा तरी वाढदिवस, एकतीस डिसेंबर अशी निमित्ते वर्षभर येत राहतात आणि न पिणाऱ्याला वाटू लागते की एक तर घरी थांबावे, नाही तर नाइलाजाने ग्लास हातात घ्यावा. जाऊन न पिणे हे वाटते तितके अवघड नाही. मात्र त्याची तयारी टेबलाशी बसण्याआधी झालेली असावी.

सर्वप्रथम, बरोबर येणाऱ्यांपैकी एका विश्वासू मित्राला किंवा मैत्रिणीला ‘मी आज घेणार नाही’ हे निघण्यापूर्वीच सांगून ठेवावे. आग्रह सुरू झाला की तुमच्या बाजूने एक जण बोलला तरी तो लवकर ओसरतो. पोहोचल्यावर पहिली ऑर्डर आपणच द्यावी. फ्रेश लाइम सोडा, ताक, जलजीरा, काहीही चालेल. हातात भरलेला ग्लास असला की ‘तुला काय मागवू?’ हा प्रश्नच येत नाही. मॉकटेल मागवताना त्यात दारू नको, हे वेटरला स्पष्ट सांगावे. ब्रीझर हे गोड लागत असले तरी दारूच आहे, हे नवख्यांना पुष्कळदा माहीत नसते. हॉस्टेलच्या खोलीत बैठक असेल, तर उघड्या ठेवलेल्या थंड पेयाच्या बाटलीतून पिऊ नये, कारण तिच्यात आधीच व्होडका मिसळलेली असण्याची शक्यता असते. आपली बाटली आपण आणावी आणि आपणच उघडावी.

नकार देताना कारण सांगू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘उद्या परीक्षा आहे’ म्हटले की ‘एकाने काय होतंय’ हे उत्तर तयार असते, ‘औषध चालू आहे’ म्हटले की पुढच्या आठवड्यात तब्येतीची चौकशी करून ग्लास पुन्हा पुढे केला जातो, आणि धर्म, घरचे संस्कार किंवा आरोग्य यांपैकी काहीही पुढे केले तरी त्यावर वाद घालायला कोणी ना कोणी बसलेलाच असतो. ‘नको, मी घेत नाही. पापड मागवू या का?’ एवढे हसून म्हणावे आणि विषय बदलावा. वर्धा जिल्ह्यात 1974 पासून आणि गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. तिथून आलेल्या मुलांना ‘गावाकडची सवय अजून सुटली नाही वाटतं’ असा टोमणा ऐकावा लागतो. त्यालाही उत्तर तेच, त्याच स्वरात. शिवाय पिणाऱ्यांना उपदेश करू नये. त्यांच्या ग्लासावर तुम्ही बोललात की तुमच्या ग्लासावर बोलण्याचा हक्क त्यांना आपोआप मिळतो.

सीनियरांनी दटावून पाजण्याचा प्रयत्न केला, तर तो आग्रह राहत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2009 च्या नियमांनुसार असा छळ हे रॅगिंग ठरते. इतकेच नव्हे, तर एखाद्या विद्यार्थ्यावर जबरदस्तीने खर्चाचा बोजा टाकणे, म्हणजे ज्युनियरांकडून पार्टी उकळणे, हेही त्यात येते. 1800-180-5522 ही त्यासाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. अशा खोलीत अडकल्यास वर सांगितलेला सरळपणा बाजूला ठेवून खुशाल खोटे बोलावे आणि बाहेर पडावे. महाराष्ट्रात कडक दारूसाठी 25 आणि बिअरसाठी 21 वर्षे ही वयोमर्यादा आहे, त्यामुळे दटावणारे सीनियरही बहुधा कायद्याच्या बाहेरच असतात.

पैशांचा प्रश्न मात्र कोणी आधी काढत नाही आणि मैत्रीत खरा कडवटपणा तिथेच येतो. ‘कॉन्ट्री’ म्हणजे बिलाची वर्गणी समान काढली, तर दोन सोडे प्यायलेला मुलगा दुसऱ्याच्या व्हिस्कीचे पैसे भरतो. बिल आल्यावर कुरकुर केली की तो कंजूष ठरतो; म्हणून पैसे गोळा करणाऱ्याला सुरुवातीलाच सांगावे की खाण्याचे सर्वांत वाटू या, पिण्याचे पिणाऱ्यांत. हे अवघड नाही, कारण दारूवर व्हॅट आणि जेवणावर जीएसटी लागत असल्याने दोन्हींचा हिशेब बिलात बहुधा वेगळाच दाखवलेला असतो. चकणा मात्र खाण्यात धरावा. तो सर्वांत जास्त न पिणाराच संपवतो, हा आरोप सहसा खोटा नसतो.

न पिणाऱ्याकडे गाडीची किल्ली आपोआप येते. ती घ्यायची की नाही, हे आधी ठरवावे. लायसन्स नसेल किंवा गाडी अनोळखी असेल, तर सरळ रिक्षा किंवा कॅब बोलवावी. ‘दोनच घेतल्यात’ म्हणणाऱ्याच्या हाती किल्ली देऊ नये. 100 मिलिलीटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळल्यास पहिल्या गुन्ह्यालाच 10,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात.

रात्रभर सर्वांना सांभाळणे हे तुमचे काम नव्हे. कंटाळा आला की अकरा वाजताही निघून यावे. अपवाद एकच. कोणी हलवूनही जागा होत नसेल, श्वास संथ किंवा अडखळत असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर लिंबूपाणी, कॉफी किंवा थंड पाण्याची अंघोळ यांत वेळ घालवू नये, कारण त्यांनी रक्तातली दारू कमी होत नाही. त्याला कुशीवर वळवावे, म्हणजे उलटी झाली तरी ती श्वासनलिकेत जाणार नाही, 108 वर फोन करावा, किती आणि काय प्यायला हे डॉक्टरांना खरे सांगावे, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत त्याच्याजवळून हलू नये.