मुलगा थिनर हुंगतो, आणि तो गे आहे असं कळलं तर

वसतिगृहाचे रेक्टर, शिक्षक, मोठी ताई किंवा वस्तीतले कार्यकर्ते यांच्यासाठी हे लिहिलं आहे. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या आणि २०१९ साली आलेल्या पाहणीत १० ते १७ वयाच्या मुलांमध्ये हुंगायच्या नशेचं प्रमाण १.१७ टक्के निघालं, मोठ्यांमध्ये ०.५८. बाकी कुठल्याच नशेत मुलं मोठ्यांच्या पुढे नाहीत. त्यात घरी, वर्गात बायल्या म्हणून चिडवलं जाणारं पोर असेल तर फुकट नाहीतर दहा-वीस रुपयांत मिळणारी गुंगी त्याला लवकर सापडते.

हुंगताना सापडला तर ओरडू नका, हातातलं हिसकावू नका, मागे धावू नका. थिनर, पंक्चरचं सोल्युशन, लायटरचा गॅस यांनी हृदय अ‍ॅड्रेनलिनला (घाबरल्यावर शरीरात सुटणाऱ्या संप्रेरकाला) अतिसंवेदनशील होतं. अशा वेळी दचकणं किंवा पळणं यानेच ठोके बिघडून मृत्यू येऊ शकतो, अगदी पहिल्या वेळीसुद्धा. खिडक्या उघडा, काडी पेटवू देऊ नका, भिजलेला रुमाल हळू आवाजात मागून घ्या आणि बसवून ठेवा. बेशुद्ध असेल पण श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा, १०८ लावा. श्वास थांबला तर छाती दाबायला लगेच सुरुवात.

पॉपर्सचं प्रकरण वेगळं. ही छोट्या बाटलीतली, हुंगायची नायट्राइट नावाची रसायनं, गे तरुणांच्या पार्ट्यांत जास्त दिसतात. व्हायग्रासारख्या गोळीबरोबर घेतली तर रक्तदाब धोकादायक खाली येतो. पोटात गेली, किंवा हुंगल्यावर ओठ निळे पडले तर तडक हॉस्पिटल. तिथे ‘नायट्राइट’ हा शब्द स्पष्ट सांगा, कारण त्या अवस्थेत बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचा आकडा फसवा असतो आणि औषधही वेगळं लागतं.

बोलणं दुसऱ्या दिवशी, गुंगी पूर्ण उतरल्यावर. काय हुंगतोस, दिवसातून किती वेळा, एकटा की कुणाबरोबर, त्याआधी काय झालेलं असतं, एवढंच विचारा. आठवडाभर हे त्यानेच वहीत टिपावं. बहुतेकदा ठराविक वेळ, ठराविक माणूस किंवा ठराविक टोमणा समोर येतो. हातापायांना मुंग्या, चालताना तोल जाणं असेल तर आधी न्यूरोलॉजिस्ट: काही गोंदांतलं हेक्झेन नसा खराब करतं. मेडिकलमधल्या लघवीच्या किटवर विसंबू नका, त्यात थिनर-गोंदांतलं सॉल्व्हंट दिसत नाही आणि आईबाप उगाच निर्धास्त होतात.

‘तू गे आहेस का?’ असं विचारू नका. त्याने आपणहून सांगितलं तर ते रजिस्टरमध्ये लिहू नका, घरीही सांगू नका. नशेबद्दल घरी बोलायचं असेल तर तेवढंच बोला. घराबाहेर काढलेलं पोर रस्त्यावर आणखी हुंगतं. मात्र वय १८ च्या आत असेल तर सुरुवातीलाच सांगून ठेवा की लैंगिक अत्याचाराबद्दल काही कळलं तर पॉक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याखाली ते पोलिसांना कळवावंच लागतं. हे नंतर सांगितलं तर विश्वास जातो.

या नशेला उतारा म्हणून खास गोळी नाही. पहिले काही दिवस चिडचिड, डोकेदुखी, झोप नाही. खरा उपचार समुपदेशनाचा. व्यसनमुक्ती केंद्र निवडताना फोनवर सरळ विचारा, ‘समलैंगिकतेवर तुम्ही काय करता?’ ‘तेही बरं करतो’ असं उत्तर आलं तर फोन ठेवा. लैंगिक कल बदलायचा ‘उपचार’ करणं हे २०२२ पासून डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरलं आहे. केंद्राची चौकशी सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ वर करता येते. रात्री मन फारच खचलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ चोवीस तास चालू असतो.