क्रॉन जॉबला सुट्टी कशी द्यायची

क्रॉनला, म्हणजे लिनक्सवर ठरल्या वेळी कमांड (जॉब) चालवणाऱ्या प्रोग्रामला, वार कळतो, तारीख कळते, महिना कळतो, पण गणपती कळत नाहीत. सोम ते शुक्र सकाळी 9 ला लावलेला जॉब 15 ऑगस्टलाही इमानेइतबारे पळतो आणि ऑफिसात चिटपाखरू नसताना क्लायंटला रिकामा रिपोर्ट जातो. क्रॉनटॅबमध्येच, म्हणजे जॉबच्या वेळा लिहिलेल्या फाइलमध्येच, तारखा वगळायच्या भानगडीत पडू नका, तिथे "हा दिवस सोडून" असं लिहायची सोयच नाहीये. जॉबला रोज उठू द्या, आणि उठल्यावर पहिलं काम म्हणून आज सुट्टी आहे का ते बघू द्या, बस.

त्यासाठी एक साधी टेक्स्ट फाइल करा, एका ओळीत एकच तारीख, 2025-08-27 अशी. हाच साचा का, तर डेट कमांडला अधिक, टक्का आणि कॅपिटल एफ दिलं की ती आजची तारीख अशीच देते. मग ती ग्रेपने, म्हणजे मजकूर शोधणाऱ्या कमांडने, फाइलमध्ये शोधायची, क्यू म्हणजे काही छापू नको, एक्स म्हणजे अख्खी ओळ जुळली पाहिजे आणि कॅपिटल एफ म्हणजे पॅटर्न नाही साधा मजकूर, हे तीन फ्लॅग लावून. एक्समुळे तारखेच्या शेजारी सणाचं नाव चालत नाही, लिहायचंच असेल तर वरच्या ओळीत हॅश टाकून लिहा. आणि एचआरने पाठवलेल्या एक्सेलमधून यादी उचलली असेल तर विंडोजचं ओळीच्या शेवटी येणारं न दिसणारं कॅरेक्टर काढून टाका, नाहीतर यादी डोळ्यांना बरोबर दिसते आणि एकही तारीख जुळत नाही.

हे सगळं एका ओळीत क्रॉनटॅबमध्ये कोंबता येतं, पण तिथे टक्क्याचा अर्थ नवी ओळ असा होतो, प्रत्येक टक्क्याआधी बॅकस्लॅश लागतो, आणि हे विसरलं जातंच. त्यापेक्षा छोटी शेल स्क्रिप्ट करा: पहिलं आर्ग्युमेंट यादीची फाइल, बाकी सगळं म्हणजे खरी कमांड. तारीख सापडली तर शून्य (म्हणजे सगळं ठीक) देऊन बाहेर, नाही सापडली तर शिफ्ट करून (पहिलं आर्ग्युमेंट काढून) उरलेली कमांड एक्झेक करायची, म्हणजे चालवायची. क्रॉनऐवजी सिस्टिमडीचे (लिनक्सच्या सर्व्हिस सांभाळणाऱ्या प्रोग्रामचे) टायमर वापरत असाल तर हीच तपासणी एक्झेककंडिशन या सेटिंगमध्ये टाका, फक्त तिथे उलटं, सुट्टी असेल तर 1 द्यायचा, म्हणजे सर्व्हिस फेल न दाखवता गुपचूप वगळली जाते.

ग्रेप सापडलं तर 0 देतो, नाही सापडलं तर 1, आणि फाइलच गायब असेल तर 2. ग्रेप आणि जॉबच्या मध्ये दोन उभ्या दांड्या ("आधीची 0 देत नसेल तर पुढची चालव") टाकून मोकळे झालात तर 2 आला तरी जॉब पळेल. काही जॉबना ते चालतं, पण गिऱ्हाइकांना एसएमएस पाठवणाऱ्याला नाही, म्हणून 2 वेगळा पकडा आणि बोंब मारा. बॅकअपला मात्र ही स्क्रिप्ट लावूच नका, त्याला कसली आलीये सुट्टी.

क्लाउडवर मुंबई रीजन घेतला म्हणून घड्याळ मुंबईचं होत नाही, मशीन बहुतेक वेळा यूटीसीवरच (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) असतं. आपल्याकडे 15 ऑगस्टच्या पहाटेचे 3 म्हणजे तिथे 14 तारखेचे रात्रीचे साडेनऊ, मग स्क्रिप्ट 14 तारीख तपासते आणि जॉब पळतो. डेटच्या आधी टीझेड या टाइमझोनच्या व्हेरिएबलमध्ये एशिया/कोलकाता द्या.

आता खरी डोकेदुखी, सुट्टी कोणाची? राज्य सरकारची, बँकेची, शेअर बाजाराची आणि तुमच्या ऑफिसची यादी वेगवेगळी, म्हणून फाइलीही वेगळ्या ठेवा. बँका 2015 च्या सप्टेंबरपासून दुसऱ्या-चौथ्या शनिवारी बंद असतात, पण ते क्रॉनच्या खान्यांत तारीख 8-14,22-28 आणि वार 6 (शनिवार) असं लिहायला जाऊ नका, दोन्ही खाने भरले की क्रॉन "किंवा" समजतो आणि त्या तारखांना रोज पळतो, वर बाकीच्या शनिवारीही. एनईएफटी 2019 च्या डिसेंबरपासून चोवीस तास चालू आहे, तेव्हा पेमेंटचा जॉब खरंच थांबवायचाय का तेही एकदा विचारून घ्या. बाजाराचं अजून वेगळं, 1 फेब्रुवारी 2025 ला शनिवार असूनही बजेटमुळे बाजार उघडा होता, म्हणून "उघडे दिवस" अशी दुसरी फाइल ठेवा आणि ती आधी तपासा.

यादी जानेवारीत एकदा भरून विसरता येत नाही. 2025 मध्ये ईद-ए-मिलादची मुंबईतली सुट्टी 5 सप्टेंबरवरून 8 ला नेली, कारण 6 ला विसर्जन, आणि मुंबईबाहेरच्या जिल्ह्यांत ती 5 लाच राहिली. निवडणूक लागली की मतदानाची सुट्टी मध्येच येते. म्हणून फाइल गिटमध्ये (बदलांची नोंद ठेवणाऱ्या टूलमध्ये) ठेवा आणि बदलायची जबाबदारी एका माणसावर टाका, "टीमवर" नको.

सोमवारचा साप्ताहिक जॉब सुट्टीत वगळला तर तो आठवडाच बुडतो. असा जॉब रोज लावा, या आठवड्यात झाला का ते एका मार्कर फाइलमध्ये नोंदवा, झाला नसेल आणि आज सुट्टी नसेल तर पळवा. शिवाय चालू वर्षाने सुरू होणारी एकही ओळ यादीत नसेल तर स्क्रिप्टने मेल टाकावा, नाहीतर 26 जानेवारीला कळतं की यादी गेल्या वर्षीचीच आहे.

टेस्टिंगसाठी तारीख बाहेरून व्हेरिएबलने देता येईल असं ठेवा, दिली नसेल तरच डेटला विचारायचं. मग 2025-09-05 आणि 2025-09-08 देऊन बघा, मुंबईच्या यादीवर पहिल्याला जॉब पळाला पाहिजे, दुसऱ्याला नाही.