या चुका टाळा: ‘एक्स-रे नॉर्मल’ लिहिण्याआधी मणके मोजा

अपघातातल्या पेशंटच्या मानेचा बाजूने काढलेला एक्स-रे हातात आला की फ्रॅक्चर नंतर शोधा, आधी मणके मोजा. मानेचे सात. बऱ्याच प्लेटवर पाच-सहा दिसतात आणि खाली खांद्यांची पांढरी सावली. सातवा मणका आणि छातीचा पहिला मणका जिथे जुळतात ती जागा नेमकी त्या सावलीत जाते, आणि निसटलेली दुखापत पुष्कळदा तिथेच निघते. रेसिडेन्सीत अशी एक प्लेट मी बिनधास्त ‘नॉर्मल’ म्हणून दिली होती. सरांनी ती व्ह्यूबॉक्सवर लावली आणि म्हणाले, सातव्यावर बोट ठेव. ठेवणार कुठे?

एक हात वर घेऊन, खांद्याआडची ही जागा दाखवणारा एक्स-रे म्हणजे स्विमर्स व्ह्यू काढता येतो, पण मार मोठा असेल तर त्यात वेळ न घालवता सरळ सीटी करा. सीटीतही नुसते आडवे काप चाळून उठू नका. मानेच्या दुसऱ्या मणक्याच्या दाताचं, म्हणजे त्यातून वर निघालेल्या सुळक्याचं, आडवं फ्रॅक्चर दोन कापांच्या मध्ये हरवतं. उभ्या कापांत ते लगेच दिसतं. बाथरूममध्ये घसरलेल्या आजींचा हा दात हमखास तपासा. मानेचं इमेजिंग कोणाचं करायचं हे ठरवणाऱ्या 2001 च्या कॅनेडियन नियमात तर 65 वर्षं वय एवढंच कारण इमेजिंगला पुरतं.

एक फ्रॅक्चर सापडलं की नजर सैल पडते, ही दुसरी खोड. माडावरून पडलेल्याच्या टाचेचं हाड मोडलेलं असतं, सगळे टाचेभोवती जमतात. टाच एवढी ठणकत असते की कंबर दुखतेय हे त्यालाही कळत नाही. कमरेचा फोटो न मागता काढा.

अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस या कण्याच्या संधिवातात कणा बांबूसारखा एकसंध झालेला असतो, साध्या पडण्यानेही तो मोडतो. दुखणं नवं असेल तर सीटी स्वच्छ आला तरी एमआरआय कराच. लहान मुलांत हाडं शाबूत राहून मज्जारज्जूला इजा होते. पँग आणि विल्बर्गर यांनी 1982 मध्ये तिला ‘स्कायवोरा’ म्हटलं. पायातली ताकद गेली असेल तर सीटीच्या रिपोर्टवर विसंबू नका.

आणि तपासणीच्या फॉर्मवर नुसतं ‘आरटीए’ (रस्ता अपघात) खरडू नका. ‘करंगळी बधिर’ एवढं जरी लिहिलंत, तरी रिपोर्ट करणारा आधी सातव्या मणक्याखाली बघेल, कारण करंगळीची नस तिथूनच निघते.