बडोद्याच्या जुन्या कर्जखतातली मिती कशी लावावी

घरच्या पेटीत जुनं मोडी खत सापडलं, तर आधी मिती लावा, मजकूर मागाहून. इसवी सन काढायला, शक असेल तर ७८ मिळवा, जानेवारी ते फाल्गुनअखेर ७९. विक्रम संवताशी मात्र जपून. गुजरातेत संवत कार्तिकात बदलतो, म्हणून कार्तिक ते डिसेंबर ५७ वजा, एरवी ५६. ग्वाल्हेरकडचा कागद असेल तर संवत चैत्री, म्हणजे चैत्रात बदलणारा, आणि वद्य पक्षात महिन्याचं नावही एकाने पुढे! इथेच बहुतेकांचं वर्ष चुकतं.

मराठी कागदात अरबी सन (शुहूर सन) अक्षरी येतो, एकंपासून उलटा: ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे १, ६०, १००, १०००, म्हणजेच ११६१. त्यात ५९९ मिळवा: १७६०. सन मृगाला बदलतो, म्हणून जानेवारीपासून मृगापर्यंत ६००.

रकमेत ‘७॥’ म्हणजे साडेसात. उभ्या रेघा एक समजून ७११ वाचू नका. व्याजाचा दर बहुधा दरमहा दरशेकडा असतो, वार्षिक धरू नका. थकलेलं व्याज मुद्दलाहून जास्त दिसलं, तर दामदुपटीचा नियम (थकलेलं व्याज मुद्दलाहून जास्त घ्यायचं नाही) आठवा आणि बेरीज पुन्हा तपासा.